रुळांपलीकडचं माहेर

धुळ्यात आमच्या घरामागे एक गल्ली आहे, ती विनाकारण वळते. आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या सरळ, आणि हिच्या मध्येच एक मोठं गोल वळण. तिथले लोक म्हणतात, जुनी वस्ती आहे, असायचंच. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्या गल्लीतून भाजी आणायला गेले आणि मेथीची जुडी हातात धरून उभीच राहिले. बैलगाडी अशी वळत नाही. माणूस तर नाहीच, तो कोपरा कापून पुढे जातो. इतक्या सावकाशीने आणि इतकं ऐसपैस फक्त इंजिन वळतं.

मग मी खाली बघत चालायला लागले. एका घराच्या पायाशी जळक्या कोळशाची काळी राख मातीत मुरलेली होती. पुढे एका किराणावाल्याच्या ओट्याला कडेने जाडजूड सागवानी लाकूड लावलेलं होतं आणि त्याला चार भोकं होती. दुकानात एक म्हातारे आबा बसले होते. मी विचारलं, "आबा, इथून पूर्वी रूळ जायचे का?"

"कापसाच्या जिनात जायचे. मी ऐन तिशीत होतो तेव्हा उचलले," ते म्हणाले आणि माझ्याकडे निरखून बघायला लागले. "तुला कोणी सांगितलं? तू तर नवी सून दिसतेस."

"तुमच्या ओट्याने सांगितलं. ही रूळ ठोकायच्या खिळ्यांची भोकं आहेत."

आबांनी मला गुळाचा खडा दिला आणि ही बातमी माझ्याआधी आमच्या घरी पोचवली. तेव्हापासून मला हा नादच लागला. नणंदेकडे जळगावला गेले की दोन दिवसांतला एक दिवस मी जुना मालधक्का कुठवर होता हे शोधण्यात घालवते. तिथल्या एका कापडवाल्याला मी सांगितलं की तुमची गादी आहे ना, बरोबर तिथे रूळ संपत होते आणि डबे येऊन आडव्या ओंडक्याला धडकायचे. त्याला ते अपशकुनासारखं वाटलं असावं, कारण त्याने मला साडी दाखवलीच नाही. आमचे हे शाळेत मास्तर आहेत. मी बाजारातून आले की विचारतात, "आज कुठलं स्टेशन सापडलं?" सापडलं असेल तर मी सांगते, नसेल तर भाजी निवडायला बसते.

पण एक स्टेशन मी चार वर्षं शोधायलाच गेले नाही. ते माझं माहेर होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, रेल्वेत मालबाबू होते. स्टेशनात येणारा-जाणारा माल त्यांच्या नजरेखालून जायचा. अमळनेरकडच्या मोठ्या लाइनीवरून तेव्हा एक लहानसा फाटा आत शिरत असे. तो होताच मुळी कापसासाठी. टोकाला सरकी काढायचं जिन आणि गाठी दाबायची प्रेस, त्याच्या अलीकडे आमचं स्टेशन. स्टेशन म्हणजे एक खोली, एक मालाची शेड, दगडी मालधक्का, यार्डात तीन रूळ आणि सहा क्वार्टर्स. माणसांपेक्षा कापसाच्या गाठी जास्त. हंगामात गाठींची अशी रास लागायची की आमच्या क्वार्टरमधून स्टेशन दिसत नसे.

आम्ही यार्डात राहणारी माणसं स्वतःला फार शहाणी समजायचो. त्याला कारणंही होती. आमचं आंघोळीचं पाणी इंजिनातून यायचं. ड्रायव्हर भला असला की बादलीभर कढत पाणी सोडायचा, आणि आईच्या सांजोऱ्या खाऊन सगळेच ड्रायव्हर भले झाले होते. देवाच्या वातींना कापूस विकत घ्यावा लागतो हे मला लग्नानंतर कळलं. आमच्याकडे तो वाऱ्याने उंबऱ्यापर्यंत यायचा. आई डाळ शिजायला टाकायची ती सकाळची गाडी सुटली की, आणि उतरवायची ती जिनाकडून परतीची शिट्टी ऐकू आली की. गाडी लेट झाली तर वरण गाळ व्हायचं. नाना ते निमूट खायचे, कारण चूक त्यांच्या खात्याची होती.

आईने न्हाणीच्या सांडपाण्यावर एक कडुलिंब लावला होता. त्याची वाढ आमच्या भांडणांत मोजली जायची. "तू या लिंबाएवढी होतीस तेव्हा तरी ऐकायचीस," असं ती म्हणायची. आईचं माहेर भडगावकडचं. एरवी ती नानांसारखं बेतशीर बोले, पण राग आला की अहिराणीत शिरे, आणि मग नानासुद्धा समोरून बाजूला होत.

रुळांच्या पलीकडे गाव होतं. खरं म्हणजे गाव शेकडो वर्षांचं आणि आम्ही कालचे, पण आम्ही त्याला 'पलीकडचं गाव' म्हणायचो. गावातल्या बाया आम्हाला 'ठेसनवाल्या' म्हणायच्या. वर्षभर आमचं त्यांचं चांगलं असे. त्या दूध आणून देत, आम्ही त्यांची पत्रं वाचून दाखवत असू. भांडायचो ते वर्षातून एकदा, आखाजीला.

खानदेशाबाहेरच्या माणसाला आखाजी समजावून सांगताना माझी दमछाक होते. अक्षय तृतीया म्हटलं की ते मान डोलावतात, पण त्यांना आमची आखाजी ठाऊक नसते. सासरी गेलेल्या लेकी तेव्हा माहेरी येतात. झाडांना झोके बांधतात. आमरस-पुरणपोळी होते, सांजोऱ्या होतात, झोक्यावर गाणी होतात. आणि पुष्कळ गावांत दोन बाजूंच्या पोरी नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या घालतात. खऱ्याखुऱ्या, ठेवणीतल्या, चालीवर म्हटलेल्या. आमच्याकडे नाला नव्हता. आमच्याकडे रूळ होते. ऊन कललं की गावच्या पोरी रुळांच्या त्या बाजूला आणि आम्ही सहा क्वार्टर्सच्या पोरी-बाया या बाजूला. रूळ कोणी ओलांडायचा नाही हा एक नियम. दुसरा नियम, दिवा लागला की शिव्या बंद. गावच्या मारुतीला दिवा लागायचा, त्याच सुमाराला आमचा दिवेवाला सिग्नलवर चढायचा. मग गावच्या बाया रुळांच्या मधोमध सांजोऱ्यांचं ताट ठेवायच्या, आम्ही कैरी आणि गूळ ठेवायचो, आणि आपापली अदलाबदल उचलून घरी जायचो. दिव्यानंतर दिलेली शिवी लागते, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्या सांगायच्या.

आमचा झोकाही बघण्यासारखा होता. गावाकडे मोठमोठी झाडं होती, आमच्याकडे एकच कडुलिंब आणि त्याची फांदी अजून झोक्याची झाली नव्हती. पण यार्डात एक उंच लोखंडी कमान होती. डब्यावर माल फार उंच भरला नाही ना, हे बघायला डबा तिच्याखालून न्यायचे. आखाजीला त्या कमानीला आम्ही गाठी बांधायचे दोर लावून झोका बांधायचो. हे नियमाच्या साफ विरुद्ध होतं. नाना इतके नियमाचे की घरात आणलेली खात्याची टाचणी परत नेऊन ठेवायचे, पण त्या दोन दिवसांत ते यार्डाकडे पाठ करून बसत.

शिव्यांत आमच्याकडून मी पुढे असायचे. पलीकडून एक पोर होती, माझ्याच वयाची, धिप्पाड, आणि तिचा आवाज जिनाच्या भोंग्याला भारी होता. एरवी ती आमच्याकडे दूध घालायची, तेव्हा मान वर करून बोलत नसे. आखाजीला मात्र कमरेला पदर खोचून सुरू करायची, "ठेसननी पोर कोयसा खास, धूर पीस, शिट्टी वाजनी का पयस." म्हणजे कोळसा खाते, धूर पिते, शिट्टी वाजली की पळते. मी म्हणायचे, "आमनी गाडी नही उनी तं तुमना सूर्यबी नही उगस." तिचा शेवटचा हुकमी एक्का ठरलेला असायचा, "तुमनं गाव गाडीवर उनं, गाडीवरच जाई." त्यावर गावच्या सगळ्या पोरी हसायच्या, कारण गाडीवर आलेलं गाव गाडीवरच जाणार हे खरंच होतं. आमच्यातलं कोणीच तिथलं नव्हतं. बदलीचा कागद आला की बिऱ्हाड डब्यात चढायचं.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी तिचंही झालं होतं. तिला गावातच दिली होती, एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. त्या आखाजीला मी तिच्या वर्मावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "तुनं सासर नि माहेर एकच. तुले आखाजीले कोण बलाई?" तिचा चेहरा उतरला. तिला खरोखरच कोणी बोलावणार नव्हतं, माहेर तीस पावलांवर होतं. तोवर सिग्नलवर दिवा लागला. म्हाताऱ्या "बस, बस" करायला लागल्या. पण ती थांबली नाही. दिवा लागल्यावर, सगळ्यांच्या देखत, तिने ओरडून म्हटलं, "तुमनं गाव गाडीवर उनं, गाडीवरच जाई." तिच्या सासूने तिच्या तोंडावर हात ठेवला. मला हसू आलं. मी तिच्या सांजोऱ्या उचलल्या आणि घरी आले.

लग्नानंतर मी धुळ्याला आले. धुळ्याहून अमळनेरला सर्व्हिस मोटार सुटायची, सकाळी बसलं की जेवायच्या वेळेला माणूस पोचे. पण मी जायचे ती रेल्वेने, धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून जळगाव, जळगावहून अमळनेर आणि तिथून आमचा फाटा, असा सगळ्या खानदेशाला वळसा घालून. मालबाबूची लेक मोटारीने माहेरी आली असं कोणी म्हणायला नको. आमचे हे म्हणायचे, "तू पोचेपर्यंत आखाजी संपेल." एकदा खरंच संपत आली होती.

मग दुसरी मोठी लढाई आली. लढाईच्या मधल्या एका वर्षी, चैत्रात, नानांचं कार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं सरळ होतं. फाटा बंद होतो आहे. रूळ लढाईवर हवे आहेत. टोकाकडून उचलत येत आहेत, जिनाचं यार्ड झालं, आता आमच्याकडे येतील. आमची बदली नागपूरच्याही पलीकडे झाली आहे. आखाजी इथे करायची तर लवकर निघ.

मी ते कार्ड सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या मनाने वाईट नाहीत, पण त्यांना राहवत नाही. म्हणाल्या, "म्हणजे तुझं माहेर लढाईत कामी आलं म्हण की." मीही हसले. आत जाऊन पिशवी भरताना मात्र मला काही सुचेना. नाना-आई नागपूरपलीकडे गेले की आखाजीला जायचं कुठे? भाऊ नाही, घर नाही, गाव नाही. ज्या जागेला मी माहेर म्हणते तिचे तुकडे डब्यात भरून चालले होते, आणि ते संपायच्या आत मला तिथे पोचायचं होतं.

पोचले आखाजीच्या आदल्या दिवशी. गाडी आमच्या स्टेशनाच्या अलीकडेच थांबली, कारण पुढे सगळीकडे कामाच्या गाडीचे डबे उभे होते. मी पिशवी डोक्यावर घेऊन खडीवरून चालत गेले. यार्डातले तीन रूळ गेले होते. आमच्या झोक्याची कमान आडवी पडली होती आणि नाना तिच्याजवळ कागद घेऊन उभे होते. मला बघून म्हणाले, "यादीत हिला 'कमान, एक' म्हणून लिहिलं." मग खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसत राहिले.

नानांनी मुकादमाला विनंती केली होती की गाव आणि स्टेशन यांच्या मधला तुकडा एक दिवस राहू द्या. मुकादम दूरच्या मुलखातला, त्याच्या माणसांनी आखाजी ऐकलीही नव्हती. तो म्हणाला, "साहेब, डबे उभे ठेवता येत नाहीत." आखाजीच्या दिवशी सकाळीच त्यांनी तो तुकडा उचलला. आईने पुरण वाटता वाटता त्या ठोक्यांचा आवाज ऐकला आणि दर ठोक्याला मुकादमाच्या घराण्याचा अहिराणीत उद्धार केला.

ऊन कललं. गावच्या पोरी-बाया नेहमीप्रमाणे निघाल्या आणि येऊन थबकल्या. उभं कुठे राहायचं तेच त्यांना कळेना. रूळ असले की बाजू कळते. आता समोर खडीचा नुसता पट्टा होता, त्यात लाकडं काढलेल्या जागांचे चर. दोघीतिघी नकळत पुढे आल्या आणि चपापून मागे सरल्या. आमच्या बाजूला चार क्वार्टर्स रिकाम्या झाल्या होत्या. मी, आई, रुळांचे सांधे बदलणाऱ्या सांधेवाल्याची बायको आणि तिच्या दोन लहान मुली, एवढाच आमचा संघ.

कोणी तोंड उघडेना. मला ते सहन होईना, म्हणून मीच सुरुवात केली. कोयसा, धूर, त्यांचा सूर्य, सगळं म्हटलं. पलीकडून उत्तर नाही. भोंग्याच्या आवाजाची ती माझी वैरीण मध्यभागी उभी होती, पदर खोचलेला नव्हता. मग ती चालत पुढे आली. खडीचा पट्टा तिने ओलांडला. इतक्या वर्षांत आखाजीला कोणी ओलांडला नव्हता. माझ्यासमोर येऊन हळूच म्हणाली, "मनी शिवी लागी गयी."

"काय?"

"दिवा लागेल व्हता. मी तरी बोलनू. तुनं माहेर मी मोडं."

मी तिला खरं सांगायला हवं होतं. सरकार, लढाई, दूरदेशी जाणारे रूळ, हे सगळं मला माहीत होतं, नानांनी नीट लिहिलं होतं. पण सकाळपासून ते ठोके माझ्या डोक्यात बसले होते. कमान आडवी पडलेली होती. रागवायला मुकादम हाताशी नव्हता, सरकार तर नव्हतंच. ही समोर होती. मी म्हटलं, "हो. तुझीच लागली."

ती खाली बघत परत गेली. त्या दिवशी खडीवर ताट ठेवायचं कोणाला सुचलं नाही. आईने मला घरात नेऊन विचारलं, "हाई काय बोलनी तू?" मी पुरणाची भांडी घासायला बसले. तिसऱ्या दिवशी नाना-आई नागपूरपलीकडच्या गाडीत बसले आणि मी धुळ्याच्या.

पुढच्या वर्षी आखाजी झाली आणि चार दिवसांनी आमच्या दारात एक गाडीवान आला. शेंगा घेऊन धुळ्याच्या बाजाराला आला होता. त्याने एक फडकं दिलं, त्यात चार सांजोऱ्या. निरोप काय, विचारलं तर म्हणाला, "निरोप काहीच नही. ठेसनवालीले दे, इतलंच सांगं." सांजोऱ्या कोणाच्या हे मला पहिल्या घासाला कळलं, मी लहानपणापासून त्या खात होते. ती पाप फेडत होती. आणि ते पाप मीच रागाच्या भरात तिच्या पदरात टाकलं होतं. मी सांजोऱ्या खाल्ल्या, फडकं धुऊन ठेवलं आणि उलट निरोप पाठवला नाही. काय पाठवणार होते? त्यानंतर दर वर्षी फडकं येत राहिलं. माझ्याकडे धुतलेल्या फडक्यांची चळत झाली. गावोगावचे सगळे मोडलेले रूळ मी हुडकत फिरत होते, ते बहुधा त्या एका ठिकाणी जायला नको म्हणून.

यंदा आखाजीच्या तोंडावर आमच्या शेजारी झोका बांधला. माझी मुलगी तीन वर्षांची. तिने सहज विचारलं, "आई, तुझा झोका कुठे आहे?" मी सासूबाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता पुन्हा लढाईचा टोमणा येणार. पण त्या म्हणाल्या, "जाऊन ये एकदा. ती फडकी तरी परत दे. कपाटात माझ्या लुगड्यांना जागा राहिली नाही."

या खेपेला मी मोटारीने गेले. आखाजीच्याच दिवशी पहाटे निघाले, अमळनेरला उतरले आणि पुढे बैलगाडी केली. गाडीवानाला ऐटीत सांगितलं की रस्ता मी दाखवीन. धुळे-जळगावातल्या सगळ्या मेलेल्या स्टेशनांची जिला खडान्‌खडा माहिती, तिला स्वतःचं सापडणार नाही की काय? आणि नेमकं तेच झालं. सगळीकडे नांगरलेली शेतं. खडी लोकांनी घरांच्या पायात घातलेली. मालधक्क्याचे दगड एका विहिरीच्या काठाला दिसले. ते मी ओळखले, पण विहीर पूर्वी तिथे नव्हती. स्टेशनाची खोली नव्हती, शेड नव्हती, क्वार्टर्स नव्हत्या. मी दोनदा गाडी थांबवली, दोनदा उतरून माती हातात घेतली. काळी राख सगळीकडेच नांगराने पसरली होती. गाडीवान शेवटी म्हणाला, "बाई, तुम्हीच सांगा कोठे थांबानं." मला ते सांगता येईना. मी गाडीत बसून रडले, आणि गाडीवानाने बैलांना पाणी पाजायचं निमित्त काढलं.

बैल पाण्यावर गेले तिकडे मी पाहिलं, तर शेताच्या बांधावर एक कडुलिंब होता. एकटा आणि चांगला डेरेदार. त्याच्या खालच्या जाड फांदीला झोका बांधलेला होता. आखाजीच्या दिवशी, भर दुपारी, रिकामा झोका. गावाकडून पोरींचा गलका ऐकू येत होता, तिथले झोके भरून चालले होते. याच्यावर कोणी नव्हतं.

मी जवळ गेले. झाडाच्या बुंध्याशी एक चपटा दगड होता, मधोमध झिजलेला. आमच्या न्हाणीचा दगड. मी ज्या दगडावर इंजिनाच्या पाण्याने आंघोळ करून मोठी झाले, तो. म्हणजे इथे न्हाणी, इथे चूल, इथून पन्नास पावलांवर रूळ. सगळं स्टेशन एका दगडाभोवती जागच्या जागी बसलं. मग मी झोक्याची फळी बघितली. जाड सागवान, चिरून तासलेलं. फळीला दोन भोकं होती. कसली ते मला विचारावं लागलं नाही.

मागून कोणीतरी येत होतं. ती आणखी धिप्पाड झाली होती, कडेवर पोर होतं. थोडी लांब उभी राहिली. त्या एका आखाजीखेरीज आपण कधी अशा समोरासमोर, रुळांशिवाय, दूध-पत्रांच्या कामाशिवाय उभ्या राहिलो नव्हतो, हे दोघींच्याही लक्षात आलं असावं.

मी फडकी पुढे केली आणि एका दमात सांगून टाकलं. तुझी शिवी लागली नव्हती. रूळ लढाईने नेले. मला तेव्हाच माहीत होतं. राग आला म्हणून खोटं बोलले आणि चार वर्षं तुला त्यात ठेवलं. झोका बांधून, सांजोऱ्या पाठवून तू पाप फेडत राहिलीस, आणि पाप तुझं नव्हतंच.

तिने पोर खाली ठेवलं. फडकी मोजल्यासारखी चाळवली. मग म्हणाली, "पाप फेडाले कोण झोका बांधस? तू येशी म्हनीसन बांधा."

"दर वर्षी?"

"दर वरीस. कोनले बठू नही दिधं. मनं माहेर तीस पावलंवर शे, मले कोनी बलावत नही. मी म्हटलं, मी तरी कोनले बलावसू." तिने डोळे पुसले आणि लगेच तिचा तो जुना आवाज चढला. "चार वरीस लेट उनी तुनी गाडी, ठेसनवाली. आते बठ. दिवा लागाना पहिले दोन शिव्या दी टाक, मंग घर जेवाले जाऊ. पोळ्या थंड्या होई ऱ्हायन्यात."

मी फळीवर बसले. खिळ्यांच्या भोकांत दोन्ही अंगठे बरोबर बसले. तिने मागून पहिला झोका दिला. दुसऱ्या झोक्याला मी सुरू झाले. तिच्या गावाला, तिच्या सूर्याला, तिच्या तीस पावलांच्या माहेराला तोंडाला येईल ते मी बोलत राहिले, आणि ती झोका देत राहिली.